‘अमद्यजन्य’ यकृतविकार आणि आतड्यांतील मद्य : जीवाणुविषयक संशोधनाची एक चिकित्सा

प्रस्तावना

इ. स. १९८० मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील विकृतिशास्त्रज्ञ युर्गेन लुडविग आणि त्यांचे सहकारी यांनी वीस रुग्णांच्या यकृताच्या नमुन्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. सूक्ष्मदर्शकाखाली हे नमुने अतिमद्यपान करणाऱ्याच्या यकृतासारखेच दिसत होते. पेशींत साठलेले मेदाचे थेंब, दाह, काही ठिकाणी तंतुमयता, सारे तेच. फरक एवढाच, की या रुग्णांना मद्याचे व्यसन नव्हते. अशा रुग्णाने कितीही नाकारले तरी चोरून पिण्याचा संशय त्याच्यावर राहत असे. त्या संशयातून त्याला मोकळे करणारे नाव लुडविग यांनी दिले, ‘नॉनअल्कोहोलिक स्टिॲटोहेपटायटिस’, म्हणजे अमद्यजन्य मेदयुक्त यकृतदाह. आजार काय आहे यापेक्षा तो काय नाही एवढेच सांगणारे हे नाव चाळीस वर्षे टिकले. २०२० मध्ये काही तज्ज्ञांनी पर्यायी नाव सुचविले आणि २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांच्या सहमतीने या विकारगटाचे नामांतर झाले. नव्या नावात चयापचयातील बिघाडाचा उल्लेख आहे. मद्याचा, नकारार्थी का होईना, जो उल्लेख होता तो गेला. गंमत अशी, की नावातून मद्य हद्दपार होत असतानाच या रुग्णांच्या आतड्यांत मद्य तयार होत असल्याचे भक्कम पुरावे पुढे येत होते.

यकृतातील मेदवृद्धीचे प्रमाण आता दुर्लक्ष करण्याजोगे राहिलेले नाही. भारतातील अभ्यासांचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेले एकत्रित विश्लेषण प्रौढांमधील प्रमाण ३८.६ टक्के आणि मुलांमधील ३५.४ टक्के असे सांगते. मुळातच जोखीम असलेल्या गटांचे अभ्यासही त्यात असल्याने हे आकडे थोडे सावधपणे वाचावे लागतात. तरीही प्रश्नाची व्याप्ती त्यांतून स्पष्ट होते. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२१ मध्ये हा विकार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट केला. सोनोग्राफीच्या अहवालावर ‘फॅटी लिव्हर, ग्रेड वन’ असा शेरा घेऊन आलेला सहकारी आता प्रत्येक महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये भेटतो.

या विकाराचे मूळ आतड्यांतील जीवाणूंत आहे, असे सांगणाऱ्या शोधनिबंधांची संख्या गेल्या वीस वर्षांत झपाट्याने वाढली. त्यांच्यापाठोपाठ विष्ठेच्या नमुन्यावरून जीवाणूंचा आलेख काढून देणाऱ्या चाचण्या आल्या आणि प्रोबायोटिकच्या कॅप्सूलही आल्या. या संशोधनाचे मूल्य नाकारण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. त्यातील एका सवयीकडे मात्र लक्ष वेधायचे आहे. रुग्णांत कोणते जीवाणू अधिक व कोणते उणे, याच्या याद्यांनी या विकाराच्या आकलनात फारशी भर घातलेली नाही. जेथे एखादे निश्चित द्रव्य योग्य ठिकाणी मोजण्याचा प्रयत्न झाला तेथेच खरी भर पडली. आणि तेथे हाती आलेले आकडेही स्वीकारण्यापूर्वी साधे अंकगणित करून पाहणे अगत्याचे आहे.

पुराव्याचा मापदंड

यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन-चतुर्थांश रक्त पोर्टल नीलेतून येते, आणि ही नीला प्रामुख्याने आतड्यांतील रक्त गोळा करते. स्निग्ध पदार्थांचा मोठा भाग लसिकावाहिन्यांच्या मार्गाने जातो. तो सोडल्यास आतड्यात जे जे शोषले जाते, मग ते अन्नातील असो वा जीवाणूंनी निर्माण केलेले, ते सर्वप्रथम यकृताच्या दाराशी पोचते. या शरीररचनेमुळे आतड्यातील जीवाणू यकृताला बाधा करू शकतात, हे मान्य करण्यास कोणतीच अडचण नाही. परंतु ‘करू शकतात’ आणि ‘करतात’ या दोन क्रियापदांमध्ये जे अंतर आहे ते पुराव्याने भरून काढावे लागते.

असा पुरावा कसा असावा, याचे उदाहरण यकृतविज्ञानातच आहे. सिरोसिसच्या रुग्णाला गुंगी येते, त्याचे बोलणे असंबद्ध होते, हात थरथरतात. या मेंदूविकारात आतड्यातील जीवाणूंनी निर्माण केलेल्या अमोनियाचा वाटा मोठा आहे, हे फार पूर्वीच ध्यानात आले. येथे द्रव्य ठाऊक आहे, त्याचा मार्ग ठाऊक आहे, आणि मुख्य म्हणजे ते कमी केल्यास रुग्ण सुधारतो. लॅक्ट्युलोज आणि रिफॅक्सिमिन ही औषधे त्याच तत्त्वावर दिली जातात; रिफॅक्सिमिनला अमेरिकेत या उपयोगासाठी २०१० मध्ये मान्यता मिळाली. अमोनियाचा काही भाग आतड्याच्या स्वतःच्या पेशीही तयार करतात आणि औषधांच्या परिणामाचे सर्व तपशील वादातीत नाहीत, हे खरे. तथापि द्रव्य, मार्ग आणि प्रतिबंध या तीन कसोट्या येथे पुरेशा पूर्ण होतात. मेदयुक्त यकृताविषयीच्या दाव्यांना याच कसोट्या लावून पाहू.

उंदीर आणि माणूस

या विषयाचा अर्वाचीन आरंभ बहुधा २००४ पासून धरला जातो. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात फ्रेडरिक बेकेड, जेफ्री गॉर्डन आणि सहकाऱ्यांनी जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या आतड्यात सामान्य उंदरांचे जीवाणू सोडले. चौदा दिवसांत त्यांच्या शरीरातील मेद सुमारे ६० टक्क्यांनी वाढला, आणि तोही त्यांचे खाणे कमी झालेले असताना. यकृतातील मेदही वाढला. पुढे २००७ मध्ये पॅट्रिस कानी यांच्या गटाने असे दाखविले, की स्निग्धबहुल आहार दिलेल्या उंदरांच्या रक्तात जीवाणूंच्या पेशीभित्तिकेतील अंतर्विषाचे प्रमाण दोन ते तीन पट होते. कोलीन या आवश्यक पोषकद्रव्याचा जीवाणूंकडून होणारा ऱ्हास, पित्ताम्लांमध्ये ते घडवून आणीत असलेले बदल, लघुशृंखला मेदाम्ले अशा इतरही वाटा सुचविल्या गेल्या. त्या प्रत्येकीत तथ्यांश आहे. कोणत्याही एकीत सर्व कसोट्या पूर्ण झालेल्या नाहीत.

२०१३ मधील एक फ्रेंच प्रयोग या मालिकेत अधिक काटेकोर म्हणावा लागेल. एकाच वंशाच्या उंदरांना एकच स्निग्धबहुल आहार देऊनही काहींना यकृतविकार झाला, काहींना झाला नाही. या दोन प्रकारच्या उंदरांचे जीवाणू वेगवेगळ्या जंतुविरहित उंदरांत सोडल्यावर दात्याची प्रवृत्ती बऱ्याच अंशी ग्राहकात उतरली. आहार आणि वंश समान ठेवल्यामुळे येथे जीवाणूंचा वाटा वेगळा काढता आला. त्यातून उंदराविषयी जे सिद्ध झाले ते झाले.

माणसाविषयी काय? माणसाच्या विष्ठेतील जीवाणू जंतुविरहित उंदरात सोडायचे आणि उंदराला तो आजार होतो का ते पाहायचे, ही पद्धत रूढ झाली. जेन्स वॉल्टर, ब्रेट फिनले, फर्गस शानहन आदींनी २०२० मध्ये अशा ३८ अभ्यासांची तपासणी केली. त्यांपैकी ३६ अभ्यासांत, म्हणजे ९५ टक्क्यांत, माणसाच्या आजाराचे काही ना काही लक्षण उंदरात उतरल्याचा दावा होता. आजार कोणताही असो, जवळजवळ प्रत्येक वेळी जीवाणूच कारण ठरावेत, हे यश संशयास्पद आहे. ज्या परीक्षेत ९५ टक्के उमेदवार उत्तीर्ण होतात त्या परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहतो हे प्राध्यापकांना सांगायला नको. माणसाचे अनेक जीवाणू उंदराच्या आतड्यात रुजतच नाहीत. एकाच पिंजऱ्यातील उंदीर परस्परांची विष्ठा खात असल्याने त्यांचे जीवाणू एकसारखे होत जातात. आणि संख्याशास्त्रीय दोष तर उघडच आहे : एका रुग्णाची विष्ठा दहा उंदरांना दिली म्हणून निरीक्षणे दहा होत नाहीत. एकच उत्तरपत्रिका दहा परीक्षकांनी तपासली, तरी परीक्षेला बसलेला विद्यार्थी एकच असतो. वॉल्टर प्रभृतींनी नेमकेपणाने दाखविलेला हा दोष पुढील अनेक निबंधांत तसाच आढळतो.

याद्यांचा मोह

प्रत्यक्ष रुग्णांच्या अभ्यासांत दुसरी अडचण येते. २०१३ मध्ये अमेरिकेतील मुलांच्या एका अभ्यासात लठ्ठ मुले आणि यकृतदाह झालेली मुले यांच्यात एश्चेरिकिया या प्रजातीचा फरक महत्त्वाचा ठरला. २०१६ मध्ये जेरोम बुर्सिए यांच्या गटाने बायॉप्सीने निदान झालेल्या ५७ रुग्णांत यकृतदाहाबरोबर बॅक्टेरॉइडीस वाढलेला व प्रेव्होटेला घटलेला आढळल्याचे आणि तंतुमयतेशी रुमिनोकॉकसचा संबंध असल्याचे नोंदविले. २०१७ मध्ये रोहित लुंबा यांच्या गटाने ८६ रुग्णांवरून ३७ जीवाणूंची एक ‘स्वाक्षरी’ सिद्ध केली. तीवरून प्रगत तंतुमयता ओळखता येते असे त्यांचे प्रतिपादन. प्रत्येक अभ्यास आपापल्या जागी प्रामाणिक आहे. पण या याद्या एकमेकींवर ठेवून पाहिल्या तर त्या जुळत नाहीत.

त्या जुळाव्यात ही अपेक्षाच भाबडी होती, असे दोन निबंध वाचल्यावर वाटते. पहिला २०१५ मधला. मधुमेहाच्या रुग्णांत दिसणारे जीवाणूंचे वेगळेपण बऱ्याच अंशी मधुमेहाचे नसून मेटफॉर्मिन या औषधाचे होते, असे ७८४ नमुन्यांच्या विश्लेषणातून सोफिया फोर्सलुंड आणि सहकाऱ्यांनी दाखविले. मेदयुक्त यकृताचे किती रुग्ण मधुमेही असतात हे लक्षात घेतले, तर २०१५ पूर्वीच्या आणि नंतरच्याही कितीतरी याद्या पुन्हा तपासाव्या लागतील. दुसरा निबंध २०१८ मधला, चीनमधील ग्वांगडोंग प्रांताचा. एकाच प्रांतातील चौदा जिल्ह्यांतील सात हजारांहून अधिक व्यक्तींच्या या अभ्यासात जीवाणूंमधील फरकाशी सर्वाधिक निगडित बाब निघाली ती व्यक्तीचा जिल्हा! एका जिल्ह्यात आजार ओळखण्यासाठी तयार केलेले गणिती प्रतिमान दुसऱ्या जिल्ह्यात निकामी ठरले. सोलापूरचे प्रतिमान सातारला चालणार नसेल, तर सॅन दिएगोचे प्रतिमान आपल्याकडे कसे चालावे?

या प्रश्नाचे भारतीय परिमाण तर अधिकच बोलके आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात योगेश शौचे यांच्या गटाने भारतीयांच्या आतड्यांतील जीवाणूंवर दीर्घकाळ काम केले. २०१६ मधील त्यांच्या निबंधात निरोगी भारतीयांत प्रेव्होटेला आणि मेगास्फेरा या प्रजाती विपुल असल्याचे दिसले. २०१९ मध्ये भोपाळ परिसर व केरळ येथील ११० निरोगी व्यक्तींच्या अभ्यासात प्रामुख्याने वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्या भोपाळच्या गटात पुन्हा प्रेव्होटेलाच ठळकपणे आढळला. आता बुर्सिए यांच्या यादीप्रमाणे प्रेव्होटेला घटणे हे यकृतदाहाचे लक्षण. ती यादी प्रमाण मानली तर प्रेव्होटेलाने समृद्ध असलेल्या भारतीयांना या विकारापासून संरक्षण मिळायला हवे होते. वस्तुस्थिती काय आहे ती वरच्या टक्केवारीत आलीच आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, तर त्या फांदीचे वजन कावळ्याच्या नावावर मांडता येत नाही.

याद्यांच्या पलीकडे जाण्याचा एक चांगला प्रयत्न २०१८ मध्ये झाला. इटली व स्पेनमधील लठ्ठ स्त्रियांच्या अभ्यासात लेस्ली हॉइल्स आणि सहकाऱ्यांनी जीवाणूंची नावे बाजूला ठेवून रक्तातील द्रव्यांकडे लक्ष दिले. फेनिलॲलॅनिन या अमिनो आम्लापासून जीवाणू जे फेनिलॲसिटिक आम्ल तयार करतात, त्याचा यकृतातील मेदाशी संबंध आढळला. इतकेच नव्हे तर ते आम्ल मानवी यकृतपेशींना आणि उंदरांना दिल्यावर मेद वाढला. द्रव्य ठरले, मार्ग बराचसा ठरला. माणसात ते कमी करून पाहण्याची तिसरी कसोटी मात्र उरली.

क्रेब्ज ते ॲम्स्टरडॅम : मद्यार्काचा माग

या साऱ्या द्रव्यांमध्ये सर्वांत जुने, सर्वांत साधे आणि सर्वांत उपेक्षित द्रव्य म्हणजे मद्यार्क, अर्थात इथेनॉल. सायट्रिक आम्लचक्रामुळे ज्यांचे नाव प्रत्येक जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते, त्या हान्स क्रेब्ज यांनी १९७० मध्ये एक कुतूहलाचा प्रश्न विचारला. जे प्राणी कधी मद्य पीत नाहीत त्यांच्याही यकृतात मद्याचे विघटन करणारे अल्कोहोल डिहायड्रोजनेज हे विकर इतके विपुल का असते? निसर्गाने ते मद्यशाळेसाठी निश्चितच ठेवलेले नसणार. क्रेब्ज आणि त्यांचे सहकारी पर्किन्स यांनी प्रयोगशाळेतील उंदरांच्या पचनमार्गात आणि पोर्टल नीलेच्या रक्तात अल्प प्रमाणात मद्यार्क असल्याचे दाखविले. पचनमार्गातील आंबवण्याच्या क्रियेत तयार होणारा मद्यार्क नष्ट करणे हे या विकराचे एक कार्य असावे, असा त्यांचा निष्कर्ष होता. या निबंधाची दखल यकृतविकारांच्या अभ्यासकांनी वेळीच घेतली असती तर पुढील तीस वर्षांचा बराच काळ वाचला असता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. लठ्ठ उंदरांच्या उच्छ्वासात मद्यार्क अधिक असतो, हे निरीक्षण यायला २००० साल उजाडावे लागले. वर उल्लेखिलेल्या २०१३ च्या अभ्यासातही यकृतदाह झालेल्या मुलांच्या रक्तात मद्यार्काचे प्रमाण वाढलेले होते. वाचकांचे लक्ष मात्र जीवाणूंच्या यादीकडेच अधिक गेले.

२०१९ मध्ये चीनमधून एका विलक्षण रुग्णाचे वर्णन आले. मद्याचा थेंबही न घेता, पिष्टमय आहारानंतर त्याच्या रक्तातील मद्यार्क कमालीचा वाढत असे, आणि त्याला तीव्र यकृतदाह होता. जिंग युआन आणि सहकाऱ्यांना त्याच्या विष्ठेत क्लेबसिएला न्यूमोनिए या जीवाणूचा विपुल मद्यार्क निर्माण करणारा उपप्रकार सापडला. हा उपप्रकार उंदरांना दिल्यावर त्यांना यकृतविकार झाला. रुग्णाची विष्ठा उंदराला देण्यापूर्वी तीतून तेवढाच उपप्रकार काढून टाकला, तेव्हा विकार टळला. प्रतिबंधाची कसोटी येथे, उंदरापुरती का होईना, पाळली गेली. मद्यार्क निर्माण करणारे असे उपप्रकार तेथील मेदयुक्त यकृताच्या रुग्णगटातील ६० टक्क्यांपर्यंत व्यक्तींत आढळले. येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी, की क्लेबसिएला न्यूमोनिए या एकाच नावाखाली भरपूर मद्यार्क करणारे आणि नाममात्र करणारे असे दोन्ही उपप्रकार मोडतात. नावापुरत्या यादीत हा भेद दिसणारच नाही.

मद्यार्क शोधायचा कोठे, हा यापुढचा प्रश्न. रुग्णाच्या दंडातून काढलेल्या रक्तात तो फारसा सापडत नाही, कारण तेथवर पोचण्याआधीच यकृत त्याचा फडशा पाडते. ॲम्स्टरडॅममधील अब्राहम मेइनिकमन आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये याचे उत्तर दोन प्रकारे शोधले. शस्त्रक्रिया होत असलेल्या काही रुग्णांच्या थेट पोर्टल नीलेतील रक्त त्यांनी तपासले. त्यातील मद्यार्क उपाशीपोटीच्या परिघीय रक्ताच्या तुलनेत मध्यकाने १८७ पट निघाला, आणि विकाराच्या तीव्रतेनुसार तो चढत गेला. यकृतात मेद नसलेल्यांत लिटरला २.१, केवळ मेद असलेल्यांत ८.०, तर यकृतदाह असलेल्यांत २१.० मिलिमोल.

हा शेवटचा आकडा थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. २१ मिलिमोल म्हणजे लिटरला सुमारे ०.९७ ग्रॅम, किंवा १०० मिलिलिटर रक्तात ९७ मिलिग्रॅम. आपल्याकडे वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. पोर्टल नीलेतून मिनिटाला सुमारे एक लिटर रक्त वाहते. हे प्रमाण तासभर कायम राहिले असे मानले तर यकृताकडे जाणारा मद्यार्क सुमारे ५८ ग्रॅम होईल. निरोगी प्रौढाचे यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम मद्यार्काचा निचरा करते. उरलेला सर्व मद्यार्क रक्तात पसरून तो रुग्ण नशेत बुडालेला दिसला पाहिजे. शिवाय ५८ ग्रॅम मद्यार्क आंबवून काढायला निदान ११३ ग्रॅम ग्लुकोज लागते, आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावरील रुग्ण सहसा उपाशी असतो. तेव्हा २१ मिलिमोल हे दिवसभर टिकणारे प्रमाण असूच शकत नाही. एक तर मद्यार्क थोड्या काळापुरता उसळून येत असावा, किंवा नमुना घेण्याच्या वा मोजण्याच्या प्रक्रियेत काही दोष असावा. पोर्टल रक्ताचे नमुने मोजक्याच, तेही अतिलठ्ठ रुग्णांचे होते, हेही विसरता येत नाही. या निबंधाचा हवाला देताना १८७ पटीचा आकडा मोठ्या उत्साहाने सांगितला जातो. हा साधा त्रैराशिकाचा हिशोब मात्र कोणी मांडत नाही.

तरीही हा निबंध बाजूला सारता येत नाही, कारण त्याचा दुसरा भाग पहिल्यावर अवलंबून नाही. मोजक्या व्यक्तींना यकृतातील अल्कोहोल डिहायड्रोजनेजचे कार्य थोपवणारे औषध देण्यात आले. यकृताचा पहारा उठल्याबरोबर मेदयुक्त यकृत असलेल्यांच्या परिघीय रक्तातील मद्यार्क मध्यकाने १५ पट झाला. नंतर त्यांना प्रतिजैविके देऊन हाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा ही वाढ नाहीशी झाली. मद्यार्क जीवाणूंचाच होता, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा माणसात मिळणे कठीण. क्रेब्ज यांनीही १९७० मध्ये उंदरांत याच विकराला थोपवणारे द्रव्य वापरले होते. बावन्न वर्षांनंतर तीच युक्ती माणसात फळाला आली. हा मद्यार्क दिवसाकाठी किती ग्रॅम होतो आणि तेवढ्याने यकृताला इजा होते काय, हे दोन प्रश्न मात्र यामुळे सुटत नाहीत. विकारात यकृताचे शुद्धीकरणच मंदावत असल्यास वाढलेला मद्यार्क कारण नसून परिणामही असू शकेल.

उपचारांच्या कसोटीवर

औषधोपचारांच्या चाचण्यांत हा सिद्धान्त आतापर्यंत फारसा टिकलेला नाही. साउदॅम्प्टन येथे १०४ रुग्णांवर सुमारे वर्षभर चाललेल्या चाचणीत बायफिडोबॅक्टेरियम आणि त्याला पोषक तंतू एकत्र देण्यात आले. २०२० मध्ये निष्कर्ष आले. विष्ठेतील जीवाणू बदलले, यकृतातील मेद आणि तंतुमयतेचे निदर्शक तुलनेच्या गटापेक्षा सुधारले नाहीत. त्याच वर्षी कॅनडात २१ रुग्णांवर झालेल्या विष्ठा-प्रत्यारोपणाच्या चाचणीतही यकृतातील मेद घटला नाही; लहान आतड्याची वाढलेली पारगम्यता तेवढी कमी झाली. चाचण्या लहान होत्या हे मान्य. परंतु पहिल्या चाचणीत जीवाणू खरोखर बदलूनही यकृत जागचे हलले नाही, ही बाब ‘बिघडलेले जीवाणू सुधारा, यकृत सुधारेल’ या सूत्राला प्रतिकूल आहे. याउलट २०२३ मध्ये चीनमधील २०० व्यक्तींना चार महिने रोज ४० ग्रॅम प्रतिरोधक पिष्ट देऊन झालेल्या चाचणीत यकृतातील मेद लक्षणीय घटला. त्यातील काही वाटा वजन घटण्याचा होता, पण तो वजा केल्यावरही परिणाम शिल्लक राहिला. येथे बाहेरून जीवाणू दिलेले नव्हते. आतल्या जीवाणूंचे खाद्य बदलले होते. यकृतदाहासाठी अमेरिकेत मान्यता मिळालेली दोन औषधे, २०२४ मधील रेस्मेटिरोम आणि २०२५ मधील सेमाग्लुटाइड, जीवाणूंवर बेतलेली नाहीत. पहिले यकृतातील थायरॉइड संप्रेरकाच्या ग्राहीवर काम करते, दुसऱ्याने भूक आणि वजन कमी होते.

आपल्याकडील प्रश्न

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेले एकत्र छायाचित्र अनेकांना आठवत असेल. दोघांचाही देहभार निर्देशांक २२.३, शरीरातील मेद मात्र युडकिन यांचा ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचा २१.२ टक्के. वरकरणी सडपातळ, आतून मेदयुक्त असा हा भारतीय देह. पश्चिम बंगालमधील बीरभूम जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील २०१० च्या अभ्यासात १,९११ व्यक्तींपैकी ८.७ टक्के जणांना मेदयुक्त यकृत होते आणि त्यांतील तीन-चतुर्थांश जणांचा देहभार निर्देशांक २५ पेक्षा कमी होता. ॲम्स्टरडॅमच्या निष्कर्षांना आधारभूत असलेले अतिलठ्ठ रुग्ण आणि बीरभूमचा हा शेतमजूर यांच्या आतड्यात एकच घटना घडते असे गृहीत धरण्यास कोणताही आधार नाही. भातबहुल आहारावरील सडपातळ माणसाच्या आतड्यात किती मद्यार्क तयार होतो, हे येथेच मोजावे लागेल.

आता थोडे आपल्या विभागांविषयी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर प्रकल्पांत दही, ताक, इडलीचे पीठ यांतून लॅक्टोबॅसिलस वेगळे काढण्याची परंपरा जुनी आणि उपयुक्त आहे. अलीकडे अशा अहवालांच्या शेवटी ‘सदर जीवाणू मेदयुक्त यकृतावर गुणकारी ठरू शकेल’ असे वाक्य जोडण्याचा प्रघात पडत आहे. अशा वाक्यांमागे यकृत नसते, उंदीर नसतो, मोजलेले द्रव्यही नसते. आम्ल आणि पित्तलवण यांत जीवाणू तग धरतो एवढेच दाखविलेले असते. गंमत म्हणजे, ॲम्स्टरडॅमच्या त्याच निबंधात जेवणानंतर रक्तात वाढणाऱ्या मद्यार्काशी सहसंबंध आढळला तो लॅक्टोबॅसिलेसी या कुळाचा. हाही सहसंबंधच आहे आणि दह्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यास तो मुळीच पुरेसा नाही. मात्र त्यात आश्चर्य वाटण्याचेही कारण नाही. लॅक्टिक आम्ल करणाऱ्या जीवाणूंचे दोन वर्ग आपण दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवतो. एक वर्ग ग्लुकोजपासून जवळजवळ केवळ लॅक्टिक आम्ल तयार करतो. दुसरा लॅक्टिक आम्लाबरोबर कार्बन डायऑक्साइड आणि मद्यार्कही तयार करतो. ‘यकृतासाठी गुणकारी’ म्हणून सुचविलेला जीवाणू यांपैकी कोणत्या वर्गातला, एवढे तरी अहवालात नमूद असावे. त्यासाठी कोणत्याही महागड्या यंत्राची आवश्यकता नाही. ग्लुकोजयुक्त, सायट्रेटविरहित द्रवमाध्यमात उपडी ठेवलेली डरहॅमची छोटी नळी पुरते. रात्रभरात तिच्यात वायूचा बुडबुडा धरला, तर जीवाणू दुसऱ्या वर्गातला. मद्यार्क नेमका किती, हे रसायनशास्त्र विभागाच्या मदतीने मोजता येईल. त्यातून कळेल ते नळीतले. आतड्यातल्याविषयी विधान करायला पुन्हा रक्ताच्या नमुन्याकडेच जावे लागेल.